तीन डाएट, एक परात

आमच्या घरात डाएट करणारी माणसं तीन आणि स्वयंपाक करणारी एक. बरीच वर्षं हाच हिशोब होता. आत्यांची शुगर आणि बीपी, सरांचं पळणं आणि माझा एक रिपोर्ट, ज्याबद्दल पुढं सांगते. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. सर म्हणजे माझा नवरा. हायस्कूलला शिकवतो, सगळी कॉलनी त्याला सर म्हणते, म्हणून मीही म्हणते, विशेषतः काम सांगायचं असलं की. शिवाय बारावीतली लेक आणि आठवीतला मुलगा. ही दोघं डाएट करत नाहीत, पण आपल्या ताटात काय नको ते दोघांनाही पक्कं माहीत आहे. मी एका पतसंस्थेत कॅश काउंटरला बसते. दहा ते साडेपाच खुर्ची, मार्च महिन्यात आठपर्यंत खुर्ची.

तब्येतीबद्दल जे काही वाचायला-ऐकायला मिळतं, ते एकट्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून सांगितलेलं असतं. पहाटे उठा, कोमट पाणी प्या, पाऊण तास चाला, आल्यावर भिजवलेले बदाम खा. त्या पाऊण तासात नळाला पाणी येतं, ते कुणी भरायचं? सातच्या आत दोन डबे कुणी भरायचे? आत्यांना जेवणाआधीची गोळी कुणी द्यायची? यातलं काही त्या व्हिडिओत नसतं. व्हिडिओतल्या बाईला सासू नसते, पोरं नसतात आणि तिचा ओटा कायम रिकामा असतो. माझ्यापुरतं बोलायचं तर व्यायामाचं घोडं घड्याळापाशी अडलं होतं आणि खाण्याचं वाण्याच्या यादीपाशी.

डाएटचं वारं आमच्या घरात शिरलं २०१८ च्या आसपास. तेव्हा सगळ्या महाराष्ट्रात दोन पक्ष पडले होते आणि ते राजकीय नव्हते. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा, जेवण ५५ मिनिटांत आटपा, मध्ये काही खाऊ नका आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा, हेही ते आवर्जून सांगायचे. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, थोड्या थोड्या वेळानं खा, तूप खा, भाताला घाबरू नका, आपल्या भागात पिकतं ते खा. सरकारनं लठ्ठपणाविरुद्धच्या मोहिमेसाठी दीक्षितांचं नाव जाहीर केल्यावर तर वर्तमानपत्रांतून वाद रंगला. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच्या दुप्पट रंगला. सर दीक्षित पक्षाचे, पुण्याची नणंद दिवेकर पक्षाची. दिवाळीला ती आली की दर दोन तासांनी डब्याचं झाकण वाजायचं आणि सर मोबाइलवर ५५ मिनिटांचा गजर लावून जेवायला बसायचे. पन्नासाव्या मिनिटाला उठून लाडू शोधायचे, कारण मग संध्याकाळपर्यंत संधी नाही. आत्यांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि शेवटी आपल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तुमच्या गोळ्या चालू आहेत, एवढा वेळ उपाशी राहायचं नाही. आत्यांनी हा निकाल कॉलनीभर सांगितला.

मला विचाराल तर दोन्ही पक्षांच्या प्रामाणिक कार्यकर्त्याचं एक सारखंच सुटतं : येता-जाता तोंडात टाकलेलं फरसाण आणि चहाबरोबरची बिस्किटं. निम्मा फरक तिथंच पडत असावा. पण हे म्हटलं की दोन्हीकडून बोलणी खावी लागतात.

आता तो रिपोर्ट. ऑफिसमध्ये तपासणी शिबिर झालं, त्यात माझं एचबीए१सी ६.१ आलं. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांना किती साखर चिकटली ते या तपासणीत कळतं, म्हणून आदल्या दिवशी गोड सोडून उपयोग नसतो. ५.७ च्या खाली ठीक, ६.५ पासून वर डायबेटिस, मधली मी. कॅशला बसणाऱ्या बाईला दशांश चिन्हाची भीती वाटत नाही, पण हा दशांश जरा लागला. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. म्हणाले, कंबर मोजा. आपल्याकडच्या बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत हवी, पुरुषाची ९० च्या आत. वजनाच्या काट्यापेक्षा टेपवर लक्ष ठेवा. शिलाई मशीनच्या खणातली टेप काढली. ब्याण्णव भरली. आत्या बाजूलाच होत्या. म्हणाल्या, “टेप जुनी हाय, आकसली आसंल.”

पहिले काही महिने सगळे करतात तेच मीही केलं, स्वतःसाठी वेगळा स्वयंपाक. सकाळी ओट्स, दुपारी काकडी-गाजराचा डबा, रात्री सूप. घरातल्यांना त्यांचं नेहमीचं. म्हणजे गॅसवर चपात्या, भाजी, आमटी, भात हे सगळं होतंच, वर माझं सूप. एक भांडं जास्त, अर्धा तास जास्त, आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर मी ओट्यापाशी उभ्यानं ते पांचट सूप पिणार. त्यानंतर पोरांच्या ताटात उरलेली चपाती टाकवत नाही म्हणून तीही खाणार. आमच्या घरात अन्न टाकत नाहीत, ते बाईच्या पोटात टाकतात. ओट्सचा तिसरा पुडा मुंग्यांनी खाल्ला आणि मी ठरवलं की वेगळं ताट बंद. बदलायचं तर परातीतच बदलायचं, म्हणजे सगळ्यांचं.

महिन्याच्या वाणसामानापासून सुरुवात केली. कितीही ठरवलं तरी फोडणी घालताना तेल कुणी चमच्यानं मोजत नाही. पण महिन्याला घरात किती आलं हे बिलावर छापलेलं असतं. आमच्याकडं सात लिटर तेल यायचं. राष्ट्रीय पोषण संस्था बैठं काम करणाऱ्याला वरचं तेल-तूप दिवसाला २५-३० ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगते. म्हणजे माणशी महिन्याला साधारण एक लिटर, आम्ही पाच जण, पाच लिटर. तेवढंच आणायचं, आणि संपलं तर संपलं. मिठाचंही तसंच. दिवसाला पाच ग्रॅम, पाच माणसं, तीस दिवस : पाऊण किलो. किलोचा पुडा महिनाभर पुरून उरायला पाहिजे. आमचा विसाव्या दिवशी संपायचा, आणि त्यात लोणचं, पापड, वेफर्स यांतलं मीठ धरलेलंच नाही. साखरेला जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, आणि २५ ग्रॅम असेल तर उत्तम. मी पंचवीसनं गुणाकार केला, पावणेचार किलो आले. साडेतीन किलो आणायला लागले. पहिल्या महिन्यात बावीस तारखेला साखर संपली आणि घरात आणीबाणी लागली. सरांनी गुपचूप अर्धा किलो आणली. मला बिल सापडलं. कॅशियरच्या घरात चोरी करू नये.

या पद्धतीत एक सुख आहे. कुणाच्या ताटात डोकावावं लागत नाही. ‘तू ते खाऊ नको’ हे वाक्य घरातून जवळजवळ गेलं. डब्यातच कमी आहे म्हटल्यावर भांडण डब्याशी.

भाकरीबद्दल लोकांचे फार गैरसमज आहेत, माझेही होते. ज्वारीची भाकरी खाल्ली की वजन उतरतं म्हणे. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात आणि शंभर ग्रॅम गव्हाच्या पिठात उष्मांक जवळपास सारखे, साडेतीनशेच्या आत-बाहेर. प्रथिनंही दोन्हीत दहा ग्रॅमच्या आसपास. फरक पडतो तो दुसऱ्या गोष्टींनी. भाकरीला तेल लागत नाही. चपातीला पिठात तेल, घडीत तेल, भाजताना तेल, आणि मऊसूत चपात्या गप्पांच्या नादात चार कशा जातात कळत नाही. भाकरी चावावी लागते. दीड भाकरीला जबडा थकतो. हे काही शास्त्रात लिहिलेलं नाही, माझं निरीक्षण आहे.

ज्वारी आम्ही खटावकडून मागवतो, आत्यांच्या माहेरचा शाळू. रब्बीचा, टपोरा, पांढरा. एकेकाळी ज्यांना गहू परवडायचा नाही ते ज्वारी खायचे, आता ज्वारीचा भाव ऐकून आत्या दर वर्षी नव्यानं दचकतात. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, त्या काळात माझ्या ऑफिसातल्या मुली नाचणीची बिस्किटं आणायच्या. पुड्यावर मागं बारीक अक्षरात बघितलं तर पहिला घटक मैदा, दुसरा साखर, आणि नाचणी आपली मागं कुठं तरी.

भाकरी आता सरही करतात. ही घटना सहज घडली नाही. ज्वारीत ग्लूटेन नसतं, त्यामुळं पिठाला चिकटपणा येत नाही. उकळतं पाणी घालून, तळहाताच्या टाचेनं रगडून मळलं तरच ती थापताना तुटत नाही. सरांना विज्ञान शिकवायची सवय, त्यांनी हे सगळं आधी समजून घेतलं आणि मग पहिली भाकरी तव्यावर टाकताना तिचे चार खंड झाले. आत्या खुर्चीवर बसून सूचना देत होत्या. पाणी कडेपर्यंत फिरवा, सुकायच्या आत उलटा, आता आचेवर. मुलगा व्हिडिओ काढत होता. आत्यांना पोटच्या पोरानं परातीपुढं बसणं सुरुवातीला फारसं रुचलं नव्हतं, पण भाकरी बिघडत असताना गप्प बसणं त्याहून अवघड होतं. आज सरांची भाकरी फुगते. गोल नसते. मंगळवार आणि शुक्रवार त्यांच्याकडं आहेत आणि त्या दोन सकाळी मी सरळ बाहेर पडते.

प्रथिनांचं गणित मात्र मी कागदावर मांडून फ्रीजवर चिकटवलं होतं. वजनाच्या दर किलोला दिवसाला ०.८३ ग्रॅम असं आपल्याकडचं प्रमाण आहे. माझं वजन तेव्हा ६८ किलो, म्हणजे साधारण ५६ ग्रॅम. जुन्या जेवणाची बेरीज केली : चपात्या, बटाट्याची भाजी, पातळ आमटी, भात, चहातलं दूध. ओढूनताणून चाळीस. आमटी पातळ असली की डाळ भांड्याच्या तळाशी राहते आणि तळाचं कुणाला जातं ते सांगायला नको. नणंदेच्या मुलानं पावडरचा डबा सुचवला. त्याची किंमत बघून आत्यांनी विचारलं, “ह्यात म्हस येती का?”

त्यापेक्षा कोरेगावचा वाघ्या घेवडा परवडला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : राजम्याच्या जातीचा, अंगावर तांबड्या रेघा असलेला, आमच्याच सातारा जिल्ह्यातला, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला. रात्री भिजत घालायचा, सकाळी कुकरला, खोबरं-लसणाचं वाटण, आमटी दाट. कोरड्या शंभर ग्रॅम घेवड्यात वीसएक ग्रॅम प्रथिनं असतात. हुलग्यातही, म्हणजे कुळथातही, तितकीच. हुलग्याचं माडगं पोरांनी पहिल्यांदा ‘मातीचं सूप’ म्हणून नाकारलं. त्यात ताक आणि तूप-जिऱ्याची फोडणी पडल्यावर मातीचं नाव निघालं नाही. मटकी, मूग, हरभरा आहेतच. अंडं आमच्याकडं आठवड्यातून चारच दिवस. सोमवार, गुरुवार, शनिवार बाद, श्रावण अख्खा बाद, नवरात्र बाद. ही रजेची यादी ऑफिसच्या यादीपेक्षा मोठी आहे. अंडं नसेल त्या दिवशी मूठभर भाजलेले शेंगदाणे, सात ग्रॅम प्रथिनं देतात, पण मूठ एकच. शेंगदाण्यात तेल भरपूर, शंभर ग्रॅमला पाचशेच्या वर उष्मांक. आणि ती मूठ माझी, सरांची नव्हे.

उपवासाबद्दल मी जरा स्पष्टच बोलणार आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. प्रथिनं नावालाही नाहीत. त्यावर तूप, बटाटा, दाण्याचा कूट, साखर. चतुर्थीला दुपारी खिचडी, चारला वेफर्स आणि रात्री मोदक, असा उपवास केला की नेहमीपेक्षा जास्तच पोटात जातं. आत्यांच्या शुगरला तर तो दिवस सगळ्यात वाईट. उपवास सोडा म्हणायची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. भगर, राजगिरा, ताक, दाण्याची आमटी, रताळं यांवर तडजोड झाली आहे. खिचडी वर्षातून आषाढी आणि महाशिवरात्रीला. तेव्हा मात्र नीट, तूप सोडून, कमी-बिमी काही नाही.

चालायला मी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यानं जाते. आम्ही गोडोलीकडं राहतो, किल्ला डोक्यावरच आहे. साताऱ्यात राहून चढ टाळता येत नाही, हा या गावाचा फुकटचा व्यायाम. पहाटे त्या रस्त्यावर सगळं गाव भेटतं. साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या मावश्या, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी, नुकती बायपास झालेले काका, मोबाइलवर मोठ्यानं अभंग लावणारे एक गृहस्थ. बिबट्या दिसल्याची बातमी आली की दोन-चार दिवस गर्दी निम्म्यावर येते, मग परत सगळे हजर, हातात एकेक काठी घेऊन. वर दरवाजापर्यंत गेलं की एका बाजूला यवतेश्वरचं पठार, दुसरीकडं जरंडेश्वर, आणि हवा स्वच्छ असली तर सज्जनगड. पहिल्यांदा चढले तेव्हा माझं लक्ष यातल्या कशाकडंही नव्हतं, बसायला दगड कुठं आहे एवढंच बघत होते.

पण दर आठवड्याला दीडशे मिनिटं चाललं की झालं, असं मी समजत होते. डॉक्टरांनी दुसरीही गोष्ट सांगितली, आठवड्यातून दोनदा स्नायूंना जोर लागेल असं काहीतरी करा. चाळिशीनंतर स्नायू झिजत जातात, आणि जेवणातली साखर मुख्यतः स्नायूच उचलतात. जिमला जायला वेळ नाही, पैसे द्यायची तयारीही नाही. म्हणून बैठका. साध्या, आपल्या तालमीतल्या बैठका, ओट्याला एक हात धरून, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. शिवाय पाण्यानं भरलेल्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या वर-खाली. आत्यांना हा प्रकार बघून पहिल्यांदा हसू आवरेना. मग त्यांनीच सूर्यनमस्काराचं काढलं.

आत्यांचं माहेर औंधजवळ. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालायचे आणि संस्थानच्या शाळांतून त्यांनी नमस्कार सक्तीचे केले होते. त्यावर पुस्तक लिहिलं, परदेशातही त्याची चर्चा झाली. आत्यांचे वडील त्या शाळेत शिकलेले. संस्थान १९४८ ला विलीन झालं, पण त्यांचे नमस्कार म्हातारपणापर्यंत चालू होते, असं आत्या सांगतात. त्यांना स्वतःला, मुलगी म्हणून, कुणी शिकवले नाहीत. ऐकून ऐकून मंत्र तेवढे पाठ झाले. आता गुडघे वाकत नाहीत. त्या खुर्चीत बसून ‘ओम ऱ्हां मित्राय नमः’पासून बारा नावं खणखणीत आवाजात घेतात आणि माझा मुलगा आणि मी खाली घालतो. मुलगा घाई करून एखादा गाळतो. आजीला बसल्या जागी कळतं. खुर्चीत बसूनच हात वर, हात खाली, पाऊल पुढं-मागं असं त्याही करतात, फिजिओथेरपिस्टनं दाखवलंय तसं. घरातल्या सगळ्या व्यायामांत टिकलेला हाच, कारण याला प्रेक्षक लागतो आणि तो घरात आहे.

सरांचं पळणं हा वेगळाच विषय आहे. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यानं पुढं जाऊन वळायचं आणि परत खाली, एकवीस किलोमीटर. पावसाळ्यात असते, धुकं, भुरभुर, दोन्ही बाजूंना हिरवंगार. बघायला फार सुंदर. पळायला काय असेल ते पळणाऱ्याला विचारा; सर उतारावरच्या गुडघेदुखीबद्दल बोलतात आणि पुढच्या वर्षीचा फॉर्म भरतात. तयारीच्या महिन्यांत घरात त्यांच्या वेळा, त्यांचे बूट, त्यांचं केळं. रविवारी मोठी रन करून ही मंडळी मिसळ खायला बसतात आणि तिथून घरी फोन येतो की नाष्टा करू नको. नाष्टा झालेला असतो. मी एकदा शांतपणे विचारलं, रविवारी तुम्ही तीन तास बाहेर, आठवड्यात रोज तास, मग माझा तास कुठं आहे? त्यातूनच मंगळवार-शुक्रवारची भाकरी निघाली, आणि रात्री भाजी निवडून ठेवायचं काम. पाणी भरायचं मुलाकडं गेलं. तो कुरकुरतो. कुरकुरत का होईना, पिंप भरतं.

मुलगा सरांबरोबर कधी कधी पळायला जातो. आमच्या जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी पळाली, दहावी आली. त्याला मी हे सांगितलं तर म्हणाला, तिला दहावी आल्यावर कुणी ओरडलं नाही ना? त्याच्या वर्गात दहावा नंबर येणं हा गंभीर विषय आहे.

लेकीचं जरा वेगळं. ती बारावीत, रात्री दोनपर्यंत अभ्यास, सकाळी डोळे उघडत नाहीत, डबा अर्धा परत. वर मोबाइलमधल्या मुली बघून आरशासमोर उभी राहायची आणि चपाती नको म्हणायची. त्यात घरात सतत वजन, पोट, कंबर याच गप्पा. आत्या प्रेमानंच म्हणायच्या, “आमची ठमाबाई.” ती हसायची, पण त्या रात्री जेवायची नाही. मी वजनाचा काटा पलंगाखाली टाकला आणि जेवताना कुणाच्याही अंगकाठीबद्दल बोलायचं नाही असा नियम केला. पाहुण्यांनाही लागू. नणंदेला पहिल्यांदा राग आला. पोर आता जेवते, दुसऱ्यांदा भाजी मागून घेते. झोपेचं अजून जमलेलं नाही. बारावीच्या परीक्षेपुढं माझा नियम चालत नाही.

आणि सण. बेंदराला पुरणपोळी, आखाडात तळण, गावच्या जत्रेला मटण. जत्रेत पंगतीला बसून ‘मला रस्सा नको, डाएट आहे’ म्हणणाऱ्या माणसाला पुढच्या वर्षी आवतण जाऊ नये, असं माझं मत आहे. तिथं सगळं खायचं, पाहुण्यांशी बोलायचं, वाढायला उभं राहायचं. वर्षातून असे दिवस मोजकेच. घात रोजच्या संध्याकाळी सहाला होतो, ऑफिसमधून आल्यावर, डब्याचं झाकण उघडून उभ्या उभ्या. त्यासाठी आता दारातच फुटाण्यांची बरणी ठेवली आहे. पर्स ठेवायच्या आधी तीच हाताला लागते.

गेल्या तपासणीत ६.१ चं ५.८ झालं. डॉक्टर म्हणाले छान, चालू ठेवा. अजून मधल्याच रकान्यात आहे. वजन चार किलो उतरलं, त्यातलं एक दिवाळीत परत आलं. कंबर अठ्ठ्याऐंशी. टेप तीच, जुनी. सरांचं वजन काहीही न करता माझ्या दुप्पट उतरलं, याबद्दल मी इथं जास्त लिहीत नाही.

चहाचं तेवढं जमलेलं नाही. आत्यांचा चहा दिवसातून चारदा, कपाला दोन चमचे साखर. म्हणजे चाळीस ग्रॅम फक्त चहातून, आणि त्यांना डायबेटिस. बिनसाखरेचा करून दिला तर बशीत ओतून, एक घोट घेऊन, तशीच बशी माझ्याकडं सरकवली. साखर निम्मी केली तर म्हणाल्या, चहा प्यायल्यासारखं वाटत नाही, अजून अर्धा कप दे. म्हणजे हिशोब तिथंच. लहान कप आणले. त्यांनी कप बाजूला ठेवून पाण्याच्या फुलपात्रात चहा मागितला. सध्या दोनदा साखरेचा, एकदा बिनसाखरेचा आणि चौथा चहा नाही, या तहावर आहोत, आणि दुपारी मी ऑफिसात असते तेव्हा तह पाळला जातो की नाही हे मी विचारत नाही. पुढच्या महिन्यात आम्हा दोघींची तपासणी एकाच दिवशी आहे, उपाशीपोटी. रक्त देऊन झाल्यावर पहिला चहा कुठं घ्यायचा ते आत्यांनी आत्ताच ठरवून ठेवलंय : स्टँडसमोरच्या गाड्यावर. तिथं साखर आधीच घातलेली असते.